‘शिल्लक’ विजेचा इतिहास : जर्मनीतील घरगुती सौरवीज आणि विद्युत्-मोटार

छपरावरील सौरपट्टांतून मिळणारी जी वीज घरात तत्काळ खपत नाही तिला ‘शिल्लक’ वीज म्हणावयाचे, आणि ती दाराशी उभ्या असलेल्या विद्युत्-मोटारीच्या बॅटरीत भरावयाची, ही योजना आज जर्मनीत सर्वपरिचित झाली आहे. तिचा इतिहास सांगताना बहुधा यंत्रांचा इतिहास सांगितला जातो. सौरघट स्वस्त झाले, मोटारी बाजारात आल्या, दोहोंना जोडणारे नियंत्रक निघाले, आणि शिलकेचा उपयोग सुरू झाला, अशी ही मांडणी असते. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ‘शिल्लक’ ही वस्तू आधीपासून होतीच, ती वापरण्याचे साधन तेवढे नव्हते, असे ती मानते. जर्मनीतील कायदे व दरपत्रके कालक्रमाने वाचली असता हे गृहीत टिकत नाही. गेल्या पस्तीस वर्षांत तेथील घरगुती सौरविजेची शिल्लक एकदा अस्तित्वात आली, मग जवळजवळ नाहीशी झाली आणि पुन्हा जन्मास आली. छप्पर तेच, ऊनही तेच; बदलले ते हिशेबाचे नियम.

शिल्लक विजेवर मोटार चालविण्याची कल्पना सौरघटाहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वीज-कंपन्यांपुढे रात्रीच्या पडीक शक्तीचा प्रश्न होता. संध्याकाळच्या दिवाबत्तीसाठी उभारलेली यंत्रसामग्री मध्यरात्रीनंतर निष्क्रिय राही. शिकागोचे सॅम्युअल इन्सल यांच्यासारखे व्यवस्थापक हा भार दिवसरात्र सारखा कसा राहील याच विवंचनेत असत. विद्युत्-मोटार हे त्यांस आयतेच उत्तर मिळाले, कारण ती रात्री तबेल्यात उभी असे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या विद्युत्-वाहन संघटनेस वीज-कंपन्यांनी दिलेल्या पाठिंब्यामागे हाच हिशेब होता. घरी बॅटरी भरण्यात एक अडचण होती. अनेक ठिकाणी पुरवठा प्रत्यावर्ती प्रवाहाचा, आणि बॅटरीस हवा एकदिश प्रवाह. पीटर कूपर ह्युइट यांच्या पारद-चाप एकदिशकारकाने ती दूर केली, आणि सधन कुटुंबांच्या तबेल्यांत काचेचा तो निळसर प्रकाशणारा फुगा दिसू लागला. या व्यवस्थेतील शिल्लक कंपनीची होती. ग्राहक तिचा केवळ स्वीकार करी. शिवाय शिल्लक आणि मोटार यांची वेळ जुळत होती. पुढील इतिहासात हाच मेळ विस्कटलेला दिसेल.

सौरघट व मोटार यांची सांगड प्रथम मोटारीच्याच अंगावर घालण्यात आली. १९६० मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने १९१२ सालच्या बेकर विद्युत्-मोटारीच्या टपावर दहा हजारांहून अधिक सौरघट बसवून ती लोकांस दाखविली. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘टूर द सोल’ ही सौरवाहनांची शर्यत सुरू झाली, तेव्हाही बहुतेक स्पर्धक आपले सौरपट्ट वाहनावरच वाहत होते. ही दिशा फलदायी नव्हती. मोटारीचा टप लहान असतो, आणि ती पुष्कळदा सावलीत उभी राहते. सौरपट्ट घराच्या छपरावर ठेवावेत, वीज जाळ्यात सोडावी आणि मोटारीने ती जाळ्यातून परत घ्यावी, हा विचार त्याच स्विस मंडळींत लवकरच रुजला. १९८७ मध्ये मार्कुस रेआल यांनी झ्यूरिचमध्ये हाती घेतलेल्या ‘मेगावॅट’ प्रकल्पात प्रत्येकी तीन किलोवॅटची ३३३ छपरे जोडण्याचा संकल्प होता. एका मोठ्या वीजकेंद्राऐवजी शेकडो छपरे हा त्यातील आशय जर्मन कार्यकर्त्यांनी नेमका हेरला.

जर्मनीत १ जानेवारी १९९१ रोजी वीज-भरणा अधिनियम अमलात आला. सौर व वायू यांपासूनची वीज जाळ्यात घेणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि तिचा मोबदला ग्राहकांकडून मिळणाऱ्या सरासरी उत्पन्नाच्या ९० टक्के ठरला. ही सरासरी सर्व प्रकारच्या ग्राहकांची होती. उद्योगांचा स्वस्त दर तीत मिसळलेला होता. त्यामुळे मोबदला घरगुती दराहून पुष्कळ कमी पडे. याच काळातील ‘सहस्र छपरे’ योजनेखाली दोन हजारांहून अधिक घरांवर सौरसंच बसले. या घरमालकांच्या दृष्टीने आपली वीज आधी आपण वापरणे आणि उरलेली विकणे हेच किफायतशीर होते. ‘शिल्लक’ या शब्दास तेव्हा अर्थ होता. मात्र ती भरावयास मोटारी नव्हत्या. १९९२ मध्ये बाल्टिक समुद्रातील ऱ्यूगेन बेटावर शासनाने सुरू केलेल्या मोठ्या चाचणीत सुमारे साठ विद्युत्-वाहने होती, आणि प्रयोग संपल्यावर त्यांतून उद्योग उभा राहिला नाही.

१९९१ च्या दराने सौरसंचाचा खर्च कधीच भरून निघाला नसता. आखेन शहरात वुल्फ फॉन फाबेक व त्यांचे सहकारी यांनी याविरुद्ध चळवळ केली. खर्च भरून निघेल एवढा मोबदला द्यावा, ही त्यांची मागणी. ‘आखेन पद्धती’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिचे राष्ट्रव्यापी रूप म्हणजे १ एप्रिल २००० रोजी अमलात आलेला नवीकरणीय ऊर्जा अधिनियम. हेर्मान शेअर व हान्स-योसेफ फेल या संसद-सदस्यांचा त्यात मोठा वाटा होता. सौरविजेस युनिटमागे ९९ फेनिग, म्हणजे नंतरच्या चलनात ५०.६ सेंट, असा दर वीस वर्षांसाठी निश्चित झाला. घरगुती ग्राहक त्या वेळी युनिटला याच्या निम्म्याहूनही बराच कमी दर देत होता.

या कायद्याने सौरउद्योग उभा केला, हे सर्वमान्य आहे. त्याचा दुसरा परिणाम इतिहासलेखकांच्या नजरेतून बहुधा सुटतो. ५० सेंटांस विकली जाणारी वीज स्वतःच्या घरात जाळणे हा आता शुद्ध तोटा होता. शहाणा मालक आपल्या छपराची सगळी वीज एका मीटरवाटे विकी, आणि दिव्यांसाठी लागणारी सगळी वीज दुसऱ्या मीटरवाटे विकत घेई. हिशेबाच्या वहीत त्याच्या घरी शिल्लक काहीच नव्हती. संपूर्ण उत्पादन हाच विक्रीचा माल होता. २००५ साली त्याच्या दारी उत्तम विद्युत्-मोटार असती, तरी तिला आपल्या उन्हावर चालविणारा मनुष्य हौशी ठरला असता, काटकसरी नव्हे. यंत्रे नव्हती म्हणून शिलकेचा उपयोग झाला नाही, हे म्हणणे निदान या दशकास लागू पडत नाही.

वळण आले ते २००९ च्या दुरुस्तीने. लहान संचांस त्या वर्षी जाळ्यात दिलेल्या युनिटमागे ४३.०१ सेंट मिळत. स्वतः वापरलेल्या युनिटमागेही २५.०१ सेंट देण्याची तरतूद करण्यात आली. दोहोंतील फरक बरोबर १८ सेंटांचा. बाहेरून घ्यावयाची वीज १८ सेंटांहून महाग असेल, आणि ती तशी होतीच, तर स्ववापर लाभाचा. शासनाने येथे शिल्लक जणू पैसे देऊन निर्माण केली. पुढे या उत्तेजनाची गरज उरली नाही. एप्रिल २०१२ पासून लहान संचांचा दर १९.५ सेंटांवर आला, तर घरगुती वीज २५ सेंटांच्या आसपास पोहोचली होती. दोन रेषा एकमेकींस छेदून गेल्या, आणि विकण्यापेक्षा वापरणे आपोआपच श्रेयस्कर झाले. त्याच वर्षीच्या आणखी एका नियमाने लहान संचांवर अशी अट घातली की, दूरनियंत्रण न स्वीकारल्यास जाळ्यात संचाच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांहून अधिक शक्ती सोडू नये. निरभ्र दुपारी जी वीज जाळे घेणार नव्हते, ती घरात खपली नाही तर वाया जाणार होती. बीएमडब्ल्यूची आय-३ ही मोटार २०१३ मध्ये आली, ती या बदललेल्या हिशेबात.

यंत्रांचा वाटा येथे नाकारण्याचे कारण नाही. तो नेमका कोठे आहे एवढेच पाहावयाचे. भरणयंत्र व मोटार यांच्यात एका स्वतंत्र तारेवरून संकेत जातो आणि किती अँपियर प्रवाह घ्यावा हे मोटारीस सांगतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या प्रवाहाची किमान मर्यादा सहा अँपियर आहे. २३० व्होल्टच्या एका फेजवर ती सुमारे १.४ किलोवॅट होते, आणि जर्मन घरांतील तीन फेजांवर ४.१ किलोवॅटांहून अधिक. पाच किलोवॅटच्या छपरावर विरळ ढग आले की उत्पादन या पायरीखाली जाते. मग मोटार भरणे थांबवावे लागते, किंवा बाहेरची वीज मिसळावी लागते. म्हणून ऊन कमी असता एका फेजवर आणि वाढताच तीन फेजांवर जाणारे नियंत्रक तयार झाले. त्यांतील काही कार्यप्रणाली हौशी मंडळींनीच लिहिल्या. मीटरवरील उलटा प्रवाह दर काही सेकंदांस मोजावा आणि मोटारीचा घोट तेवढाच ठेवावा, हे या सर्वांचे सूत्र. पौष-माघातील ढगाळ दिवसांत कोणतीही कार्यप्रणाली फारसे काही करू शकत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. १९१२ मधील शिल्लक मध्यरात्रीची होती, आणि मोटार घरी होती. आजची शिल्लक भर दुपारची, आणि नोकरदाराची मोटार त्या वेळी कचेरीच्या आवारात. घराची शिल्लक घरच्या मोटारीस मिळावी, तर मनुष्याने घरी असावे किंवा घरात दुसरी मोठी बॅटरी असावी. २६ सप्टेंबर २०२३ रोजी शासकीय पतसंस्था केएफडब्ल्यू हिने सुरू केलेल्या योजनेत सौरसंच, बॅटरी-साठा व भरणयंत्र ही तिन्ही एकत्र घेणाऱ्यास १०,२०० युरोपर्यंत अनुदान होते. ३० कोटी युरोंची ही तरतूद एका दिवसात संपली.

त्या अनुदानाच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. अर्जदार स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा असावा, आणि त्याची विद्युत्-मोटार असावी किंवा निदान मागणी नोंदविलेली असावी. जर्मनीतील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात. ती या अटींतच बाहेर पडली. प्रश्न येथे केवळ एका योजनेच्या न्यायाचा नाही. स्ववापरलेल्या युनिटची किंमत ठरते ती टळलेल्या खरेदीवरून, आणि त्या खरेदीच्या दरात जाळ्याचे भाडे, कर आणि नवीकरणीय विजेचा अधिभार सामील होते. हा अधिभार २०१७ मध्ये युनिटला ६.८८ सेंटांपर्यंत चढला आणि १ जुलै २०२२ पासून आकारणे बंद झाले. छप्पर नसलेला भाडेकरू तो भरत होता. दहा किलोवॅटपर्यंतचा छपरवाला आपल्या स्ववापरावर तो भरत नव्हता. म्हणजे भाडेकरूवरील बोजा जेवढा वाढे, तेवढी छपरवाल्याची शिल्लक मौल्यवान होई. २०१७ च्या भाडेकरू-वीज अधिनियमाने इमारतीच्या छपरावरील वीज तिच्यातील रहिवाशांस विकण्याची सोय केली, परंतु हिशेबाच्या जटिलतेमुळे तिचा प्रसार मंद राहिला.

महाराष्ट्रातील वाचकास ही गुंतागुंत अपरिचित वाटेल, कारण येथे २०१५ च्या विनियमांनी निव्वळ-मापनाची वाट धरली. जाळ्यात दिलेले युनिट घेतलेल्या युनिटातून वजा होते. दुपारी दिलेले रात्री परत घेता येत असेल, तर मोटार केव्हा भरावी याची विवंचना मालकास उरत नाही, आणि ‘शिल्लक’ ही वर्षअखेरच्या हिशेबापुरती गोष्ट होते. जर्मन मालकास मात्र प्रत्येक क्षणाचा हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब आता आणखी कठोर झाला आहे. २०२४ मध्ये जर्मनीच्या घाऊक बाजारात ४५७ तास विजेचा भाव शून्याखाली होता. २५ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने नव्या संचांस अशा वेळी जाळ्यात दिलेल्या विजेचा मोबदला बंद केला. न मिळालेले तास मुदतीच्या शेवटी जोडून दिले जातात. आधुनिक मीटर व नियंत्रण-उपकरण बसेपर्यंत नव्या लहान संचांस क्षमतेच्या ६० टक्क्यांहून अधिक शक्ती जाळ्यात सोडता येत नाही. दुसऱ्या बाजूने, १ जानेवारी २०२४ पासून नव्याने बसविलेल्या भरणयंत्रांचा जाळ्यातून होणारा पुरवठा जाळ्यावर ताण असता ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणण्याचा अधिकार वितरण-कंपनीस मिळाला असून त्याबदली ग्राहकास जाळ्याच्या भाड्यात सूट आहे. स्वतःच्या छपरावरून येणाऱ्या विजेस ही मर्यादा लागू नाही. २००० साली ज्या युनिटास ९९ फेनिगांची हमी होती, त्याच भर दुपारच्या युनिटास नव्या छपरावर आज काही तास त्या वेळेपुरते मोल राहत नाही. मोटार दाराशी उभी असेल तर ते तिच्यात जाते.