मोटारसायकल-चालनशिक्षण, नाशिक परिसरातील

मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड चालविण्याचे कौशल्य आणि त्यासंबंधीची सुरक्षिततेची प्राथमिक तत्त्वे अनुभवी चालकाकडून नवशिक्याकडे जाण्याची पद्धती. मोटारगाडीच्या शिक्षणाहून हे शिक्षण एका मूलभूत बाबतीत वेगळे आहे. मोटारगाडीत शिक्षक नवशिक्याच्या शेजारी बसतो व त्याच्या पायाशी दुसरा क्लच आणि ब्रेक बसविता येतो. दुचाकीवर अशी सोय करता येत नाही. मागे बसणाऱ्याच्या हाती हँडल नसते, पायाशी ब्रेक नसतो. शिवाय त्याच्या वजनामुळे नवशिक्याला तोल सांभाळणे अधिकच अवघड होते. गाडी सुरू झाल्या क्षणापासून नवशिका एकटा असतो. त्यामुळे हे शिक्षण मुख्यतः शब्दांनी, प्रात्यक्षिकाने आणि पुढे किंवा मागे स्वतंत्र गाडी ठेवून द्यावे लागते, आणि शिक्षकाच्या सांगण्यात काही चूक असेल, तर ती त्या वेळी दुरुस्त करण्यास कोणी नसतो.

कायद्याने या अडचणीचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आला. त्याखालील १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवानाधारकाबरोबर वैध परवाना असलेला शिक्षक असावा लागतो, आणि गाडी नियंत्रित करता येईल किंवा थांबविता येईल अशा जागी त्याने बसावे, अशी अपेक्षा आहे. मोटारगाडीच्या बाबतीत ही अपेक्षा रास्त आहे. मोटारसायकलीवर तशी जागाच नसते. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे रोमन अक्षर लावण्याचाही नियम आहे. व्यवहारात दुचाकीचा शिक्षक हा वडील, थोरला भाऊ, शेजारी, कार्यालयातील सहकारी किंवा गॅरेजमधील मिस्त्री असतो. मोटार-प्रशिक्षण शाळांचा भर बहुतांशी चारचाकीवरच राहिलेला आहे.

पूर्वपीठिका : भारतात मोटारसायकल चालविण्याचे संघटित शिक्षण प्रथम लष्करात दृढ झाले. संदेश पोहोचविणाऱ्या मोटारसायकलस्वारांना रात्री, चिखलात आणि ताफ्याबरोबर गाडी चालविण्याचे शिक्षण अनुभवी स्वार देत असत. संदेशवहन दलाच्या जबलपूर येथील ‘डेअर डेव्हिल्स’ या प्रात्यक्षिक पथकाची परंपरा १९३५ पर्यंत मागे जाते. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या बुलेट गाड्यांना लष्कराची मोठी मागणी होती. त्यानंतरच्या दशकात म्हैसूरची जावा, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज कारखान्याच्या स्कूटर रस्त्यावर आल्या. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंगने लूना ही ५० घ. सेंमी. क्षमतेची मोपेड बाजारात आणली.

नाशिकच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा आहे. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, ओझर येथील विमान कारखाना आणि नाशिक रोड येथील सरकारी मुद्रणालये यांमुळे शहराबाहेर कामावर जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. प्रथम सायकल, मग मोपेड आणि ऐपत वाढल्यावर स्कूटर किंवा मोटारसायकल, असा क्रम मध्यमवर्गीय घरांत रूढ झाला. या क्रमातच एक प्रकारचे शिक्षण दडलेले होते. भाड्याच्या सायकलवर तोल साधलेला मुलगा लूनावर वेग ओळखायला शिकत असे, आणि स्कूटरपर्यंत पोहोचेतो रस्त्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असे. स्कूटरसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे थांबावे लागण्याचा तो काळ होता. घरात आलेली स्कूटर ही जपण्याची वस्तू असल्याने ती नवशिक्याच्या हाती सहजासहजी पडत नसे. आधी ती पुसायची, मग स्टँडवर चढवायची, मग इंजिन बंद ठेवून ढकलत न्यायची आणि त्यानंतरच मैदानात पहिल्या गिअरमध्ये चालवायची, असा बहुतेक घरांतला परिपाठ होता. काटकसरीतून आलेला हा परिपाठ शिक्षणाच्या दृष्टीने चांगलाच होता, असे म्हणावे लागते. कारण गाडीचे वजन हाताला कळल्याशिवाय ती सांभाळता येत नाही.

मात्र त्या काळच्या गाड्यांची रचना एकसारखी नव्हती. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी व मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. पहिला गिअर वर आणि पुढचे तीन खाली, असा त्याचा क्रम होता. जावा व तिच्यानंतर आलेली येझदी यांत डावीकडील एकच दांडा किक मारण्यास आणि गिअर बदलण्यास उपयोगी पडे. बजाजच्या स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत फिरविला जाई. एका गाडीवर मुरलेला शिक्षक दुसऱ्या गाडीवरील शिष्याला शिकवू लागला, की त्याच्या पायाची सवय आणि तोंडची सूचना यांत तफावत पडे. १९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० घ. सेंमी.च्या हलक्या मोटारसायकली आल्या, तेव्हा डाव्या पायाशी गिअर व उजव्या पायाशी ब्रेक ही मांडणी सार्वत्रिक होत गेली. १९८४ मध्ये आलेली कायनेटिक होंडा आणि २००१ मधील अ‍ॅक्टिव्हा या बिनगिअरच्या स्कूटरांनी क्लचचे शिक्षणच अनावश्यक केले. ज्यासाठी पूर्वी काही आठवडे लागत, ते एका दुपारी जमू लागले. स्त्रियांना व वृद्धांना याचा मोठा लाभ झाला, यात शंका नाही. पण गाडी चालविता येणे आणि रस्त्यावर चालविता येणे यांतील अंतर त्यामुळे दिसेनासे झाले.

परंपरेतील चुका : घरगुती शिक्षणातून कौशल्याबरोबर समजुतीही पुढे जातात. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील’ ही सूचना महाराष्ट्रातील दुचाकीस्वारांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकली आहे. खडीच्या व मातीच्या रस्त्यांवर, अरुंद टायर आणि जुन्या पद्धतीचे ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी तिच्यात काही तथ्य होते. वळणात किंवा वाळूवर पुढचे चाक जखडले, तर गाडी घसरते, हे आजही खरे आहे. परंतु गाडी वेग कमी करू लागते तेव्हा तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर सरळ जाताना थांबविण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढचा ब्रेक करतो. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याचे मागचे चाक फरफटते व थांबण्याचे अंतर वाढते. ताशी ६० किमी. वेगाने गाडी दर सेकंदाला सु. १७ मी. पुढे जाते. धोका दिसल्यापासून हात ब्रेकपर्यंत पोहोचण्यातच यांतील बहुतेक अंतर संपते. उरलेल्यासाठी दोन्ही ब्रेकांची गरज असते, आणि ते एकदम न आवळता दाब वाढवीत नेऊन लावावे लागतात.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेल्स परिसरातील सु. ९०० मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी तपासणी झाली. तिचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के औपचारिक शिक्षण न मिळालेले होते. ते स्वतःच शिकलेले किंवा नातेवाईक व मित्रांकडून शिकलेले होते. संकटात सापडलेल्या चालकांनी मागचे चाक जखडविले व पुढचा ब्रेक अपुरा वापरला, असेही आढळले. निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, जरी रस्त्यावरील एकूण अनुभव सरासरीने सु. तीन वर्षांचा होता. म्हणजे नवशिकेपण हे केवळ वयाचे किंवा परवान्याचे नसते. गाडी बदलली की ते काही प्रमाणात परत येते. या अहवालाचा अर्थ अनुभवी व्यक्तीकडून शिकणे निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. जो अनुभव कधी तपासून पाहिलेला नाही, तो शिकविण्यास पुरेसा नाही, एवढेच त्यातून निघते. ब्रिटनमध्ये १९९० पासून मोटारसायकलच्या नवशिक्यांना सक्तीचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. तेथे मोकळ्या जागेत एका शिक्षकाकडे चार व रस्त्यावर दोनच शिकाऊ देता येतात. शिक्षक मागून येतो व रेडिओवरून सूचना देतो.

नाशिकचे रस्ते : नाशिक परिसरात शिकणाऱ्याला भूप्रदेशच बरेच काही शिकवितो. मुंबईच्या बाजूला कसारा घाट आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना मनाई असल्याने मुंबईला जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रकांच्या रांगांतून या घाटानेच जावे लागते. पावसाळ्यात तेथे दाट धुके उतरते. पेठ व त्र्यंबकेश्वरच्या बाजूला अतिवृष्टीचा डोंगराळ भाग, तर निफाड, लासलगाव व पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षे आणि कांदा यांची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरांची वर्दळ असते. ट्रॉलीला मागचा दिवा नसणे आणि शेतातून निघणाऱ्या चाकांबरोबर डांबरावर चिखल येणे, हे या भागातील नेहमीचे धोके होत. चैत्रात सप्तशृंगगडाकडे चालत जाणाऱ्या भाविकांच्या रांगा असतात, आणि ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरकडे निघते. पहाटेच्या अंधारात कडेने चालणारी माणसे केव्हा व कोणत्या रस्त्यावर असतील, हे कोणत्याही चाचणीत विचारले जात नाही. ते जाणकाराकडूनच कळते.

महाराष्ट्रातील मोटारसायकलस्वारांच्या गटांत सामूहिक प्रवासाची जी शिस्त रूढ आहे, ती या प्रकारच्या शिक्षणाचे मुख्य साधन ठरली आहे. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला चालक व सर्वांत शेवटी दुरुस्तीची हत्यारे आणि प्रथमोपचाराची पेटी घेतलेला अनुभवी चालक असतो. नवशिक्यांना पुढच्या चालकाच्या लगेच मागे ठेवतात, म्हणजे गटाचा वेग त्यांच्या कुवतीने ठरतो. सरळ रस्त्यावर एकाने लेनच्या उजव्या व दुसऱ्याने डाव्या भागात, अशी एकाआड एक मांडणी ठेवली जाते. घाटात ती मोडून सर्व जण एकामागे एक होतात. वळणापूर्वीच वेग कमी करणे, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवणे, आणि वेगात असताना ज्या बाजूला वळायचे त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकलणे, या गोष्टी अशा प्रवासांत पाहून व करून कळतात. यांतील शेवटची गोष्ट ऐकताना बहुतेकांना उलटी वाटते. नाशिक परिसरात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेच्या फेऱ्या झाल्या असून त्यांतून तांत्रिक कौशल्याची आवड वाढली. तथापि स्पर्धेचा मार्ग इतर वाहतुकीस बंद असतो. तेथील धाडस रस्त्यावर आणणारा स्पर्धक चांगला गुरू होईलच असे नाही. स्त्रियांच्या बाबतीत २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘द बायकर्नी’ या संघटनेचा उल्लेख आवश्यक आहे. घरातील पुरुषाने शिकविण्याची वाट न पाहता एका स्त्रीने दुसरीला मोटारसायकल शिकवावी, ही कल्पना तिने देशभर पोहोचविली.

नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम राबविली. ती गाजली ती पेट्रोलपंपांवरील वादावादीमुळे; पण तिच्यातील अधिक विचारार्ह भाग नंतरचा आहे. हेल्मेटविना आढळलेल्या चालकांना ‘नाशिक फर्स्ट’ या स्वयंसेवी संस्थेच्या वाहतूक शिक्षण उद्यानात नेऊन दोन तासांचे समुपदेशन देण्यात येऊ लागले. हे उद्यान मुळात मुलांना रस्ते, चौक व सिग्नल यांची ओळख व्हावी यासाठी उभारलेले आहे. तेथे वर्षानुवर्षे गाडी चालविणारी प्रौढ माणसे विद्यार्थी म्हणून बसली. काहींना ती शिक्षाच वाटली असेल. तरी स्वतःच्या सवयीबद्दल कोणा जाणकाराकडून दोन तास ऐकण्याचा बहुतेकांचा तो पहिलाच प्रसंग असावा. प्रश्न किती गंभीर आहे, हे केंद्र सरकारच्या आकडेवारीवरून दिसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली; त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती व त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते.

यंत्ररचनेत अलीकडे काही सुधारणा सक्तीच्या झाल्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घ. सेंमी.हून मोठ्या नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा, तर त्याहून लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा आवश्यक ठरली. १ जून २०२१ पासून हेल्मेटला भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असणे बंधनकारक झाले. परवान्याची चाचणी मात्र अजून प्रामुख्याने संथ गतीने इंग्रजी आठचा आकडा काढून दाखविण्याची आहे. तोल व क्लच यांची परीक्षा तिच्यात होते, वेगातून थांबण्याची होत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व त्यानंतर नव्हे, तर तीस दिवसांनीच चाचणी देता येते. त्यामुळे एप्रिलमध्ये शिकू लागलेला चालक जूनपूर्वी पक्का परवानाधारक होतो आणि ओल्या रस्त्याशी त्याची पहिली गाठ कोणत्याही देखरेखीविना पडते. जाणते मार्गदर्शक म्हणूनच नवशिक्याला पहिल्यांदा घाटात मे महिन्यात, कोरड्या रस्त्यावर नेतात. पहिल्या पावसानंतर धूळ व तेल धुऊन जाईपर्यंत थांबतात आणि मग त्याच वाटेने, निम्म्या वेगाने, पुन्हा एकदा घेऊन जातात.