रोडकी पोरं आणि वजनाचा काटा

माझे वजन ५४ किलो. नोकरीला लागलो तेव्हाही जवळपास एवढेच होते. त्यामुळे २००३ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुढे सरकवून "गुरुजी, साखर आहे" असे सांगितले तेव्हा मी हसलोच. मधुमेह हा गादीवर बसून लोणी खाणाऱ्यांचा आजार, असे मी स्वतः वर्गात मुलांना शिकवलेले. आम्ही ज्वारी-बाजरीची भाकरी खाणारे, सायकलवर शाळा गाठणारे. आम्हाला कुठून साखर होणार? कागद कुणा दुसऱ्याचा असेल म्हणून मी पुन्हा तपासणी करून घेतली. आकडा थोडा वाढूनच आला!

याचे उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाले, आणि तेही नातवाकडून. तो पुण्यात शिकतो. त्याने इंग्रजीतले शोधनिबंध मोबाइलवर उतरवून घेतले आणि दोन-तीन रविवार बसून मला मराठीत समजावून सांगितले. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, बी.ए.पर्यंतचे. त्यामुळे जे मला समजले तेवढेच इथे लिहितो.

आधी थोडे मागे जाऊ. आमचा शिरूर-दौंडचा मुलूख पर्जन्यछायेतला. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठाने आता ऊस दिसतो, पण तो धरणे आणि कालवे आल्यानंतरचा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात हा पट्टा पार भाजून निघाला होता. दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम त्याच दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी काढलेले. आमची पणजी त्या कामावर टोपली वाहायला होती, असे आजी सांगायची. त्या वेळी सर रिचर्ड टेम्पल या साहेबाने मजुराची मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे आपले साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर माती खणायची. हजारो लोक कामे सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्ज केले. आज दौंड जंक्शनवर मनमाडकडे जाणारी गाडी उभी असली की मला त्या साडेचारशे ग्रॅमची हटकून आठवण येते.

पुढचा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला, १९७२ चा. खडी फोडायच्या कामावर पोटुशा बायका बसलेल्या पाहिल्या. सुकडी खाऊन पोरे जगली. त्याच १९७२ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला काम सुरू केले. वढू म्हटले की आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते, आणि ते योग्यच आहे. पण वैद्यकशास्त्राच्या जगात हे गाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. कोयाजीबाईंचे म्हणणे साधे होते. रुग्ण शहरातल्या रुग्णालयापर्यंत पोचतो तोवर उशीर झालेला असतो, तेव्हा रुग्णालयानेच गावात गेले पाहिजे. त्यांनी गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या पायावर वढूला संशोधन उभे राहिले. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघरच्या जन्म-मृत्यूची आणि स्थलांतराची नोंद ठेवली जाऊ लागली. बाळांच्या जुलाबावरची, म्हणजे रोटाव्हायरसची जी भारतीय लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली, तिची चाचणी देशात तीनच ठिकाणी झाली होती. पुणे जिल्ह्यातले ठिकाण वढूचे. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात गोवराच्या लसीचीही एक चाचणी झाली. सुईऐवजी नाकातोंडावाटे वाफाऱ्यासारखी लस द्यायची, अशी कल्पना होती. दोन हजार बाळांवर करून पाहिले. सुईने ९४.६ टक्के बाळांत प्रतिकारशक्ती आली, वाफाऱ्याने ८५.४ टक्के. म्हणजे सुईच सरस ठरली, आणि २०१५ साली तसे स्पष्ट छापले गेले. मला हे फार आवडले. आमच्या शिक्षणखात्यात एखादा प्रयोग फसला असे लिहिलेला अहवाल मी छत्तीस वर्षांत एकदाही पाहिला नाही.

असो. मला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका अभ्यासाबद्दल. तोही के.ई.एम.चाच, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली सुरू केलेला. पुण्याजवळची सहा खेडी, आमच्यासारखीच, शेतीवर जगणारी. तिथल्या दोन हजारांवर विवाहित स्त्रियांच्या घरी महिन्याच्या महिन्याला कार्यकर्त्या जात आणि पाळी आली का, एवढे विचारून लिहून घेत. ज्या घरात 'बाजूला बसली' हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात निघतो, त्या घरात दर महिन्याला हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळवायचे, याला काय चिकाटी लागली असेल याचा विचार करा. दिवस गेले की बाईचे वजन, उंची, रक्त, रोजचे खाणे, रोजचे काम, सगळे मोजायचे. बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत काटा, फूटपट्टी आणि कातडीची जाडी मोजायचा चिमटा घेऊन घर गाठायचे.

या बायांची सरासरी उंची निघाली १५२ सेंटिमीटर आणि गरोदरपणाआधीचे वजन ४१.७ किलो. गणिताचा तास घेतल्यासारखे वाटेल, पण करून पाहा. उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा, २.३१ येतो. वजनाला त्याने भागा. उत्तर येते १८. साडेअठराच्या खाली गेले की डॉक्टर त्या माणसाला रोड म्हणतात. म्हणजे सरासरी बाईच रोड होती!

त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आत भरले. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन. यात नवल नाही, आमची पोरे बारीक हे सगळ्यांनाच दिसत होते. नवल पुढे आहे. बाळाचे सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान असतील अशी आपली समजूत. पण पोटाचा घेर, म्हणजे आतली यकृत-मूत्रपिंडे वगैरे, फार लहान, दंडाचे स्नायूही कमी, आणि पाठीवर खवाट्याखाली कातडीत जी चरबी मोजली ती मात्र जवळजवळ गोऱ्या बाळाइतकी. दिसायला काटकुळे आणि आतून चरबीचे. २००३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. माझा रक्ताचा कागद आला ते वर्षही हेच.

याज्ञिकांनी पुढच्या वर्षी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात एक गमतीचा फोटोही छापला. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांच्या उंची-वजनाचा वरच्यासारखा भागाकार अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२ टक्के. तो फोटो पाहून मी आरशासमोर उभा राहिलो होतो, हे कबूल करतो.

गर्भातल्या उपासमारीचा म्हातारपणाच्या आजाराशी संबंध असतो, ही कल्पना इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांची. त्यांच्या हाती हर्टफर्डशायर परगण्यातल्या सुइणींची जुनी दप्तरे लागली. १९११ पासून तिथल्या मुख्य परिचारिका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे वजन लिहून ठेवलेले होते. त्या वजनांवरून १९८९ साली बार्कर यांनी दाखवले की हलकी राहिलेली बाळे मोठेपणी हृदयविकाराने जास्त मेली. वजने लिहिताना त्या सुइणींच्या मनात यातले काहीच नसणार. त्यांनी फक्त काट्यावर दिसले ते खरे लिहिले.

इथे मला थांबावे लागते. मी ज्या शाळेत होतो तिथेही आरोग्यपत्रके भरायची असत. शाळेचा काटा मोडलेला होता. वर मागणी केली, आली नाही, मग मीही सोडून दिले. मुलगी समोर उभी राहिली की अंदाजाने २४, २६ लिहायचो. गेल्या वर्षीच्या आकड्यात दोन मिळवायचे, झाले. एक मुलगी सातवीत असताना प्रार्थनेला दोनदा चक्कर येऊन पडली. तिला मी "सकाळी जेवून येत जा गं" असे सांगितले आणि तिच्या पत्रकावर 'प्रकृती उत्तम' लिहिले. ज्या वर्षांत त्या सहा गावांत कुणीतरी बाळांची वजने बिनचूक टिपत होते, त्याच वर्षांत माझी पत्रके अशी तयार होत होती. आज कुणी ती पत्रके काढून त्यावरून काही शोधायला बसले तर त्याला फक्त माझा आळस सापडेल.

पुन्हा अभ्यासाकडे येतो. आईने खाल्लेल्या एकूण अन्नाचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. २००१ साली शोभा राव आणि सहकाऱ्यांनी हे मांडले. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा हे आपल्या बांधावरचे माळवे, पण ते ज्या बाईच्या ताटात पडले तिचे बाळ थोरले निघाले. शेतात आणि घरात जास्त राबणाऱ्या बायांची बाळे हलकी, हेही दिसले. रक्त तपासले तर दोनतृतीयांश आयांमध्ये ब-१२ हे जीवनसत्त्व कमी. हे फक्त दूध, अंडी, मांस-मासळी यांतून मिळते. माळकरी घरात अंडी-मटणाचा प्रश्नच नाही, आणि जिथे खातात तिथेही रश्शातली फोड बाईच्या वाटणीला शेवटी येते, उरली तर.

ती बाळे सहा, बारा आणि अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा पुन्हा तपासली गेली. एवढ्या वर्षांनी सहाशेवर मुले परत आली, हे त्या गावांचे मोठेपण. अठराव्या वर्षी निम्मी मुले-मुली अजून रोडच होती. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडायला लागलेली. अठरा वर्षांची, बरगड्या मोजता येतील अशी पोरे! हे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

दोन वर्षे चांगले खाऊ घातले की हे सुधारेल का? उंदरांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. त्यात आनंदवर्धन हार्डीकर आणि याज्ञिक दोघेही होते. पन्नास पिढ्या उंदरांना अर्धपोटी ठेवले, मग दोन पिढ्या पोटभर दिले, तरी बिघाड गेला नाही. उंदरांवरून माणसाचे सगळे ठरवू नये हे मला कळते. तरी पणजीची ती टोपली मनातून जात नाही. त्या सहा गावांतल्या मुलामुलींना लग्नाआधीपासूनच ब-१२ देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे पाहण्याचे काम २०१२ पासून सुरू झाले. म्हणजे आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एका वहीत आल्या.

गेल्या महिन्यात ती चक्कर येणारी मुलगी दौंडला भेटायला आली होती. आता चाळिशी ओलांडलेली. बरोबर लेक, तिला सातवा महिना. मी वजन विचारले. लेकीने दवाखान्याचे कार्ड काढून दाखवले, आकडा नीट लिहिलेला होता. त्रेचाळीस. घरी दोन म्हशी आहेत म्हणाली.

"मग दूध पितेस ना?" मी विचारले.

ती आईकडे पाहू लागली. आईच म्हणाली, "गुरुजी, दूध डेअरीला जातं."