काचेवरील हस्तकोरीवकाम

हिरकणीच्या टोकाने किंवा फिरत्या चाकाने काच खरवडून अक्षरे, वेलबुट्टी वा चित्र उमटवण्याची कला. आम्लाने किंवा वाळूच्या झोताने काढलेली नक्षी हिच्यात मोडत नाही.

इतिहास : प्राग येथील दरबारी कारागीर कास्पर लेमान याला १६०९ मध्ये या कामाची सनद मिळाली.

सातारा–सांगली परिसर : कराडला लागून ओगलेवाडी. ओगले बंधूंनी १९१६ साली तेथे, औंध संस्थानाच्या हद्दीत, काच कारखाना काढला. ‘प्रभाकर’ कंदील तिथला. त्याआधी १९०८ पासून तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाच्या कारखान्यात ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तरुण काचकाम शिकत. या शिक्षणाचा रोख काच घडवण्यावर होता.

कोरणीचा ठळक दाखला मात्र मिरजेचा, आणि तो तांब्यावरचा. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एक तांबट पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकला. नाना फडणीसांनी त्याच्याकरवी भगवद्‌गीता छापण्याचे योजले. १८०० मध्ये नाना वारले. तांबट मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ मध्ये तेथे गीता छापली गेली. छपाईसाठी प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे उलटे कोरावे लागे. तावदानावर मागच्या बाजूने कोरताना हेच कसब लागते. शिकणाऱ्याने या गीतेची पाने जरूर अभ्यासावीत.

शिक्षण : काचेवर ओरखडा पांढरा दिसतो, कोरी काच काळोखी. म्हणून उजेड कोरायचा, सावली सोडायची. याचा सराव काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने करतात. मग सपाट काचेच्या तुकड्याखाली काळे फडके अंथरून सरळ रेघा ओढायच्या. जोर लावला की रेघेच्या कडेच्या कपच्या उडतात. हलक्या हाताने तीच रेघ पुन्हापुन्हा गिरवावी. गोलाईवर टोक घसरते, त्यामुळे देवनागरीत शिरोरेषा आणि काना लवकर साधतात, ‘ळ’ फार उशिरा. पेल्याची बाहेरची बाजू त्यानंतर घ्यावी. आत काळे कापड कोंबले की नक्षी नीट दिसते. छटांसाठी ठिपक्यांचे काम करतात : ठिपके दाट तिथे उजेड जास्त.

चाकावरचे काम : तांब्याच्या छोट्या फिरत्या चकत्यांना तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावतात आणि काच चकतीच्या खालून टेकवतात.

दक्षता : यंत्राच्या टोकाने कोरताना काच ओली ठेवावी, तोंडाला मास्क लावावा. टफन्ड काच कोरू नये. तिचा चुरा होऊ शकतो.