साल, तेल आणि मोट



भूर्ज म्हटले की आपल्याला जुन्या पोथ्या आठवतात. रशियात मात्र भूर्जाची साल बंद भांड्यात तापवून तिचे काळे, उग्र वासाचे तेल काढीत व ते चामड्याला चोळीत. त्याने चामडे मऊ राही आणि पाण्याला दाद देत नसे. आपल्या मलकापूरच्या काळ्या रानात भूर्ज नाही; बाभूळ आहे, करंज आहे. कातडी कमावणाऱ्या आपल्या कारागिरांची विद्या या झाडांच्या आधाराने उभी होती.

ते कातडे प्रथम पाण्यात, मग चुन्यात भिजत घालीत. केस सुटले की खरवडून काढीत. नंतर बाभळीची साल. तिच्यात शेकडा १२ ते २० भाग तुरट द्रव्य असते. तेच कातड्याला कुजू देत नाही. कातड्याची पिशवी शिवून टांगीत, आत कुटलेली साल व पाणी भरीत, खाली झिरपलेला रस पुन्हा वरून ओतीत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगीत. शेवटी करंजाचे किंवा एरंडाचे तेल. ते चामडे ओलसर असतानाच चोळायचे. पाणी उडते तसे तेल तंतूंत शिरते. कोरड्यावर चोळले तर वरच्यावर राहते. ही अक्कल कोणत्याही कॉलेजात शिकवलेली नव्हती.

या चामड्याची मोट होई. मोट रोज भिजायची, रोज वाळायची. तेल चुकले की तडकायची. विहिरीवरची बागायत याच मोटेवर पिकली. आणि आता लाजेची गोष्ट सांगतो. ढोर-चांभारांनी कमावलेली मोट विहिरीत उतरे, तिचे पाणी थारोळ्यात पडे, सारा गाव ते पिई. पण ती करणाऱ्याने त्याच विहिरीला हात लावायचा नाही! मोबदला म्हणून खळ्यावरचे चार पसे धान्य. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा मोटेचा हा हिशेबही जगापुढे मांडला गेला, असे आम्ही समजतो. मेलेली ढोरे ओढू नका, हा उपदेशही त्याच परिषदेतला.

पुढे १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. धंदा सुधारावा, ही त्यामागची दृष्टी. पण काळ दुसरीकडे चालला होता. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्येच पुरा झाला होता आणि कच्ची कातडी दूरच्या बाजाराला जाणे सोपे झाले होते. क्रोमच्या रसायनाने आठवड्यांचे काम दिवसांवर आले. मोटेची जागा इंजिनाने व विजेच्या पंपाने घेतली.

जुनी विद्या बुडाली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्ही आयुष्य कामगारांत घालवले. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, ती विद्या जिवंत होती तेव्हा तुम्ही तिला काय मजुरी दिलीत? जिथे पाण्याचाही हक्क नव्हता, तो धंदा मुलांनी सोडला यात त्यांचा दोष नाही. उलट त्यांनी योग्यच केले. विद्या मात्र नोंदवून ठेवावी, आणि ती ज्यांची होती त्यांच्या नावावर नोंदवावी. थकलेल्या मजुरीतला एवढा भाग तरी फेडणे आपल्या हाती आहे.