रूसेलारेचं विरजण

मराठीत ‘आंबलं’ आणि ‘आंबवलं’ या दोन शब्दांत एका ‘व’चाच काय तो फरक. रात्री वाटलेलं पीठ आंबवलं, की सकाळी त्याची इडली होते. दुपारची आमटी संध्याकाळपर्यंत बाहेर राहून आंबली, की ती मोरीत जाते. दोन्हीकडे काम करणारे जीव साधारण एकाच गोतावळ्यातले. पण एकीकडे कुणीतरी लक्ष ठेवून होतं, दुसरीकडे नव्हतं. बेल्जियममधल्या एका आंबट, तांबड्या बीअरला गेली दीडशे वर्षं हाच प्रश्न विचारला जातो आहे : बाई, तू आंबलेली की आंबवलेली?

रेडिओवरून बीअरविषयी बोलणार म्हटल्यावर घरातच काही भुवया उंचावल्या होत्या. पिण्याचा प्रचार करायला मी बसलेलो नाही. ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांनी हिच्याकडे लोणच्याची किंवा विरजणाची गोष्ट म्हणून पाहावं. मला स्वतःला ती तशीच वाटते.

बेल्जियम हा आपल्या पुणे जिल्ह्याच्या साधारण दुप्पट आकाराचा देश. त्याच्या उत्तरेकडच्या, डच बोलणाऱ्या भागाला फ्लँडर्स म्हणतात. तिथे ब्रूज या प्रसिद्ध शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर रूसेलारे नावाचं गाव आहे. प्रवासी कंपन्यांच्या सहलींत हे गाव नसतं. पण या गावात ओकच्या लाकडाची जवळजवळ ३०० प्रचंड पिंपं उभी आहेत. माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. या पिंपांना तिकडे ‘फूडर’ म्हणतात. त्यांतली काही दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहेत आणि अजून रोजच्या वापरात आहेत. हा रोडेनबाख नावाच्या ब्रूअरीचा कारखाना.

रोडेनबाख हे घराणंच मोठं वल्ली. १८२१ साली चार भावांनी मिळून रूसेलारेतली एक लहानशी ब्रूअरी विकत घेतली. त्यांतला अलेक्झांडर हा आंधळा. लहानपणीच त्याची दृष्टी गेली, पॅरिसला जाऊन अंधांसाठीच्या शिक्षणपद्धतीत तो तयार झाला, आणि पुढे त्याच विषयावर त्याने ग्रंथ लिहिले. १८३० साली बेल्जियम नेदरलँड्सपासून फुटून स्वतंत्र झाला, तेव्हा नव्या देशाच्या पहिल्या प्रतिनिधिसभेत तो होता. त्याचा भाऊ कॉन्स्टँटाइन हाही होता. डच राजघराण्याला बेल्जियमच्या गादीवर कायमची बंदी घालावी, हा ठराव या कॉन्स्टँटाइनचा. तिसरा भाऊ पेद्रो हा शिपाईगडी. १८३६ मध्ये भावांची भागीदारी संपली, तेव्हा पेद्रो आणि त्याची बायको रेजिना यांनी ब्रूअरी स्वतःकडे घेतली. ब्रूज शहराच्या उदासवाण्या कालव्यांवर कादंबरी लिहून नाव मिळवलेला जॉर्ज रोडेनबाख हाही याच कुळातला. आंधळा खासदार, राजाला हाकलणारा भाऊ, शिपाई आणि कादंबरीकार, आणि या सगळ्यांच्या पाठीशी बीअरचा धंदा!

पण बीअरला आजचं रूप दिलं ते पेद्रोचा नातू युजीन याने. हा १८७० च्या दशकात इंग्लंडला गेला. तिथे पोर्टर नावाची काळसर बीअर मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरवण्याची चाल होती. किती मोठ्या पिंपांत? १८१४ साली लंडनमध्ये असं एक पिंप फुटलं आणि त्या लोंढ्यात शेजारच्या वस्तीतली ८ माणसं मेली, यावरून कल्पना यावी. हीच पोर्टर जहाजांनी हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी येई, आपल्या मुंबई बंदरातही उतरे. इंग्रज गुत्तेवाले मुरलेली आंबूस बीअर आणि ताजी गोडसर बीअर गिऱ्हाइकाच्या चवीप्रमाणे एकत्र करून देत.

युजीनने ही विद्या उचलली असं सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. पिंपात बीअर मुरवणं फ्लँडर्सच्या लोकांना काही नवं नव्हतं. युजीनने आणली ती शिस्त : किती काळ ठेवायची, कोणत्या पिंपातली कोणत्या पिंपात मिसळायची, आणि दर वर्षी तीच चव कशी आणायची. गंमत म्हणजे त्याच सुमाराला इंग्रज मंडळी ही चाल सोडून देत होती. त्यांना ताज्या, स्वस्त बीअरची गोडी लागली होती. गुरूने विद्या टाकली आणि शिष्याने ती सांभाळली, असा हा मामला.

आणि टाकणारे एकटे इंग्रज नव्हते. खरं संकट पुढेच होतं, आणि ते विज्ञानाकडून आलं. प्रशियाकडून फ्रान्सचा पराभव झाल्यावर लुई पाश्चरने हट्टाने बीअरचा अभ्यास केला. जर्मनांपेक्षा चांगली बीअर फ्रान्सने करावी, ही त्यामागची ईर्षा. १८७६ साली त्याचा ग्रंथ आला. बीअर आंबते ती परक्या जंतूंमुळे, आणि हा बीअरला जडलेला रोग आहे, असं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं. पाठोपाठ १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन याने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिची शुद्ध पैदास केली. आता जगातल्या कुठल्याही कारखान्याला एकाच जातीच्या, निर्मळ यीस्टवर बीअर करता येऊ लागली. स्वच्छ, सोनेरी, दर वेळी तंतोतंत सारखी. आज जगभर जी बीअर खपते, ती बहुतेक या शोधाची लेकरं आहेत. पाश्चर आणि हॅन्सन चुकले असं कोण म्हणेल? कित्येक कारखाने त्यांच्यामुळे तगले.

पण या नव्या शास्त्राच्या हिशेबाने रूसेलारेची बीअर म्हणजे एक आजारी बाटली ठरत होती. तिच्यात शुद्ध असं काहीच नव्हतं.

कोड्याचं निम्मं उत्तर त्याच कार्ल्सबर्गमध्ये सापडलं. नील्स क्लॉसेन नावाच्या संशोधकाने १९०४ साली दाखवलं, की इंग्लंडच्या जुन्या मुरलेल्या बीअरची खास चव येते ती एका निराळ्या, सावकाश काम करणाऱ्या यीस्टमुळे. त्याने तिला नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’. जिला सगळे घाण समजत होते, ती चवीची मालकीण निघाली. रूसेलारेच्या पिंपांच्या लाकडातही हीच बाई बिऱ्हाड करून आहे.

आता या पिंपांत होतं काय, ते सांगतो. जवाला मोड आणून भाजलेलं माल्ट, त्यातही तांबूस रंगाचं, आणि थोडा मका. हॉपची फुलं अगदी बेताची, कारण कडूपणा आणि आंबटपणा यांचं एका तोंडात पटत नाही. मग घरचं विरजण. आपल्याकडे घराघरात दह्याचं विरजण टिकवतात, तसं इथे यीस्ट आणि दुधाला दही करणाऱ्या जातीचे जीवाणू यांचं मिश्रण पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. १९९० च्या दशकात ल्यूवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यात बरीच निरनिराळी खाती नांदताना आढळली. पहिल्या आठवडाभरात साखरेचं मद्य होतं, पुढच्या काही आठवड्यांत दह्यासारखी सौम्य आंबटाई येते. मग बीअर फूडरमध्ये जाते आणि साधारण दोन वर्षं तिथे राहते. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा अगदी थेंबाथेंबाने आत येते. त्या हवेवर व्हिनेगर करणारे जीव जगतात. हवा जास्त झाली तर सगळ्या पिंपाचं व्हिनेगर होईल. म्हणून तर पिंप एवढं अवाढव्य : जेवढं पिंप मोठं, तेवढा दर लिटरमागे लाकडाचा आणि हवेचा स्पर्श कमी. आम्ल आणि मद्य यांच्या संयोगातून हळूहळू फळांचे वास तयार होतात. चेरीचा दाणाही न घालता चेरीचा वास येतो तो यामुळे.

मी ही पिंपं पाहिली आहेत. दालनात शिरल्यावर पहिल्यांदा नाकाला जाणवतो तो लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखा वास, मग ओलं लाकूड, मग काहीतरी गोड. दालनं थंड आणि अर्धवट अंधारी, पट्ट्या तांबड्या रंगवलेल्या. या पिंपांना खिळा नाही, गोंद नाही. फळ्यांच्या फटीत बोरूसारखं गवत दाबतात आणि मेण लावतात. ब्रूअरीचे स्वतःचे पिंपं बांधणारे सुतार आहेत. ते जुनं पिंप उकलतात, फळ्या आतून तासतात आणि पुन्हा उभं करतात. मला त्या कामाचा फार हेवा वाटला.

पहिल्या महायुद्धात रूसेलारे जर्मनांच्या ताब्यात गेलं. ज्या ईप्र शहराभोवती लाखो माणसं पडली, ते इथून जवळच. जर्मन सैन्याने बेल्जियमच्या ब्रूअऱ्यांमधली तांब्याची भांडी दारूगोळ्यासाठी उचलून नेली. १९०० च्या सुमाराला त्या देशात ३००० हून अधिक ब्रूअऱ्या होत्या. युद्धानंतर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास उरल्या आणि पुढे ओहोटी चालूच राहिली. ओकची पिंपं तोफांच्या उपयोगाची नव्हती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धोका आला तो गोडीचा. नव्या पिढीच्या जिभेला शीतपेयांची सवय लागली. फ्लँडर्समधल्या कॅफेंत लोक या बीअरमध्ये ग्रेनेडाइन, म्हणजे लाल रंगाचं गोड सरबत, घालून पिऊ लागले. इतर काही ब्रूअऱ्यांनी आपापल्या तांबड्या बीअर गोडाकडे झुकवल्या. १९९८ साली रोडेनबाख कुटुंबाच्या हातून ब्रूअरी गेली आणि पाम नावाच्या मोठ्या बेल्जियन कंपनीने ती घेतली. त्यानंतर एक गोष्ट घडली, ती मला फार बोलकी वाटते. जवळच्या एसेन गावात द डोल नावाची एक छोटी ब्रूअरी रोडेनबाखकडून यीस्ट आणत असे, शेजारणीकडून विरजण आणावं तसं. ते बंद झालं. मालक बदलला, की विरजणाची मालमत्ता होते.

पण जीव बाटलीत राहत नाहीत, तसे माणसांतही राहतात. रोडेनबाखमध्ये तयार झालेले पीटर बूकार्ट १९९६ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या न्यू बेल्जियम ब्रूअरीत गेले. तिथे त्यांनी लाकडी पिंपांत आंबट तांबडी बीअर मुरवायला घेतली. आज कित्येक अमेरिकी ब्रूअऱ्यांत फूडर आहेत आणि तिथल्या कारागिरांनी शब्दही तोच, फ्लेमिश, ठेवला आहे. पामचाही बहुतांश हिस्सा २०१६ साली नेदरलँड्समधल्या एका घराण्याच्या कंपनीकडे गेला. त्याच वर्षी युनेस्कोने बेल्जियमच्या बीअर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आता चवीविषयी. परदेशी राहणारे किंवा जाणारे आपले लोक ही बीअर हौसेने मागवतात आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात. पहिल्या घोटावर मत देऊ नये. आंबटाईने जीभ दचकते, तोंडाला पाणी सुटतं. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला माल्टची गोडी दिसू लागते, आणि शेवटी ओकचा तुरटपणा, चहा जास्त उकळल्यावर येतो तसा. फार गार पिऊ नये, वास मिटतात. दहा-बारा अंश ठीक. साधी रोडेनबाख घेतलीत तर तिच्यात मुरलेली बीअर एक चतुर्थांश आणि बाकीची ताजी. ‘ग्रां क्रू’मध्ये मुरलेली दोन तृतीयांश, मद्याचं प्रमाण सहा टक्के. दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्या, की युजीनची शिस्त म्हणजे काय ते व्याख्यानाशिवाय कळतं. वासात चेरी, आलुबुखार, जुनं लाकूड आणि किंचित व्हिनेगर असावं. नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास नाकात घुसला, तर मात्र ती खरोखरच आंबलेली समजावी.

फिख्ते गावची ‘द्युशेस द बुर्गोन्य’ ही याच जातीची, पण अधिक गोड. नवख्याने तिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. तिच्या लेबलावर बहिरी ससाणा घेतलेली बाई आहे, ती बर्गंडीची राणीसाहेब मेरी. १४८२ साली रूसेलारेपासून जवळच, वेनेन्दालेच्या रानात शिकारीला गेली असता ती घोड्यावरून पडली आणि त्यातच वारली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी.

सोबत खायला तिकडे उत्तर समुद्रातली करड्या रंगाची बारीक कोळंबी देतात. मीठ आणि आंबट यांचं जुनंच सख्य, ते आपल्या कोकणात कुणाला सांगायला नको. जुनं, कोरडं चीजही चालतं. आणि ग्रेनेडाइन? मागितलंत, तर एखाद्या जुन्या कॅफेत अजूनही मिळेल. मी मागत नाही.