पहिली गाठ कशी पडली?



मागच्या वर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना दहावीच्या वर्गावर माझा बदली तास लागला. मी इतिहासाचा शिक्षक. मुलांना वाचन करावयास सांगून मी वह्या तपासावयास घेणार, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, शरीरात प्रथिने तयार होण्यासाठी दुसरी प्रथिने लागतात. मग सगळ्यात पहिले प्रथिन कसे तयार झाले?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण मला उत्तर येत नव्हते. "वाचून सांगतो," असा शब्द मी तिला दिला. तो पाळताना जे हाती आले, ते आपणांपुढे ठेवीत आहे. विज्ञानालाही इतिहास असतो, म्हणून हे धाडस.

प्रथम विषय समजावून घेऊ. आपल्या ताटातली डाळ, अंडी, गोश्त यांत प्रथिने असतात; आपले केस, नखे आणि स्नायू हेही प्रथिनांचेच. प्रत्येक प्रथिन म्हणजे लहान मण्यांची एक लांब माळ होय. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात आणि आपल्या प्रथिनांत ती मुख्यत्वे २० प्रकारची असतात. दोन मणी जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व मध्ये एक गाठ बसते. या गाठीचे नाव पेप्टाइड बंध.

या गाठीची ओळख १९०२ साली पटली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कार्ल्सबाद या गावी जर्मन शास्त्रज्ञांचे संमेलन भरले होते. तेथे फ्रान्त्स होफमाइस्टर आणि एमिल फिशर या दोघांनी एकाच दिवशी, परस्परांवर अवलंबून न राहता, प्रथिनांची रचना अशी असल्याचे प्रतिपादन केले. फिशर यांचे वडील व्यापारी होते. मुलाने लाकडाच्या धंद्यात पडावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे मन धंद्यात रमेना, तेव्हा "हा व्यापाराच्या कामाचा नाही, शिकू दे त्याला," असे ते म्हणाले म्हणून सांगतात. याच मुलाने १९०७ साली १८ अमिनो आम्लांची माळ प्रयोगशाळेत ओवून दाखविली.

गाठ कळली, पण तिचा आकार कसा असेल? १९४८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग हे ऑक्सफर्ड येथे सर्दीने अंथरुणाला खिळले होते. वेळ जाईना म्हणून त्यांनी कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि कागद दुमडून पाहू लागले. पेप्टाइड बंध सैल दोरीसारखा नसून त्याभोवतीचे अणू पुठ्ठ्याच्या तुकड्यासारखे एकाच पातळीत ताठ राहतात, हे त्यांना ठाऊक होते. त्या आधारे दुमडलेल्या कागदातून मळसूत्री आकार निघाला. १९५१ साली त्यांनी तो सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला.

यापुढचे पाऊल आपल्या देशात पडले, हे पुष्कळांना माहीत नसते. मद्रास विद्यापीठात प्रा. गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की, पुठ्ठे जर ताठ आहेत, तर माळ वळू शकते ती प्रत्येक मण्यापाशी असलेल्या दोन बिजागऱ्यांवरच. मग या बिजागऱ्या किती अंशांतून फिरविल्या असता अणू एकमेकांवर आदळणार नाहीत? अणूंना टणक गोळ्या मानून त्यांनी एकेका कोनाचा हिशेब केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेला हा 'रामचंद्रन आलेख' प्रथिनाची रचना तपासण्यासाठी आजही जगभर वापरला जातो. रसायनाच्या प्रश्नाचे उत्तर येथे भूमितीने आणि आकडेमोडीने दिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सजीव नव्हते, तेव्हा हे मणी आले कोठून? रशियाचे ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि इंग्लंडचे हॉल्डेन यांनी १९२९ मध्ये असा तर्क मांडला की, आरंभीच्या पृथ्वीवर साध्या वायूंपासून हे पदार्थ बनून पाण्यात साठले असावेत. (हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.) हा तर्क शिकागो येथे स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने प्रयोगाने तपासला. त्याने काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ घेतली व आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. पाण्यात अमिनो आम्ले सापडली! १९५३ साली हा लेख छापला गेला, तो एकट्या मिलरच्या नावावर. विद्यार्थ्याचे श्रेय झाकले जाऊ नये म्हणून त्याचे गुरू, नोबेल पारितोषिक विजेते हॅरल्ड युरी यांनी आपले नाव काढून घेतले. आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट विसरू नये.

परंतु मणी मिळाले म्हणजे माळ मिळाली असे नव्हे. गाठ बसताना पाणी बाहेर पडले पाहिजे, आणि हे मणी तर पाण्यातच पडलेले! बादलीत बुडविलेला सदरा बादलीतच वाळवावा, तशी ही अडचण आहे. पाण्यात गाठ बसण्याकडे नव्हे, सुटण्याकडे कल असतो. सुदैवाने ती चटकन सुटत नाही. निम्म्या गाठी सुटावयास २५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ३५० ते ६०० वर्षे लागतात, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून दिसले. प्रश्न उरतो तो पहिल्यांदा गाठ बसविण्याचा. कोणी कोरड्या उष्णतेचा मार्ग सुचविला, कोणी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांजवळील खनिजांचा. ज्वालामुखीतून निघणाऱ्या कार्बोनिल सल्फाइड वायूच्या साहाय्याने अमिनो आम्ले साध्या तापमानाला पाण्यातही जोडली जातात, असे २००४ साली प्रयोगाने दाखविण्यात आले.

यांतले कोणते शक्य आणि कोणते अवघड, हे तोलण्याच्या कामी संगणक आला. अणू कसे जोडले जातात याचे मूळ समीकरण श्रोडिंगर यांनी १९२६ सालीच दिले होते, पण ते मोठ्या रेणूंसाठी जसेच्या तसे सोडविणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे. १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी वाट काढली. १९८५ साली कार आणि पारिनेल्लो यांनी तिला अणूंच्या हालचालीची जोड दिली. मग जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी उष्ण, दाबाखालच्या पाण्यात पायराइट खनिजाजवळ गाठ बसताना आणि सुटताना किती ऊर्जा लागते याचा टप्प्याटप्प्याने हिशेब केला व तो २०११ साली प्रसिद्ध केला. २०१४ साली साइट्टा आणि साइजा या दोघांनी मिलरचा प्रयोगच संगणकात करून पाहिला. विजेच्या क्षेत्रात साध्या रेणूंपासून ग्लायसीन हे अमिनो आम्ल कोणत्या वाटेने बनू शकते, ते त्यातून दिसले. अशा हिशेबात काळ मोजतात तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात!

मात्र संगणक "असेच घडले" असे म्हणत नाही. "असे घडू शकते, आणि त्यास एवढी ऊर्जा लागेल," एवढेच तो सांगतो. त्याची खातरजमा प्रयोगशाळेतच करावी लागते. आणि पहिली गाठ नेमकी कोठे व कशी पडली, याचे सर्वमान्य उत्तर आजही कोणापाशी नाही.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. उत्तर नाही हे ऐकून ती हिरमुसेल असे मला वाटले होते. तिने उलट विचारले, "सर, हे शोधायचे तर पुढे काय शिकावे लागेल?" मी म्हणालो, "रसायन, भौतिक आणि सगळ्यात आधी गणित."

पालकहो, "दहावी झाली, आता पुरे," हे शब्द आपल्या घरांतून अजूनही ऐकू येतात. मुलींच्या बाबतीत अधिकच. मुलगा असेल तर तो गल्ल्यावर बसतो, मुलगी असेल तर घरात बसते, आणि तिचा प्रश्न वहीत राहून जातो. फिशर यांच्या वडिलांना मुलाचे रसायन समजत होते असे नाही. पण त्यांनी त्याला शिकू दिले. आपणही तेवढे करू या. आपल्या मुलीने असा प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर तिला गप्प बसवू नका. तिला पुढल्या वर्गात पाठवा.