भुस्कट जिकडं जातं

वारं कुठलं म्हणून विचारलं की आमचे आबा मूठभर माती उचलून बोटांतून सोडायचे. जन्म खळ्यावर गेलेला. उफणायला तिवईवर चढले की पहिली हाक आम्हा पोरांना : "भुस्कट जिकडं जातंय तिकडं हुबं ऱ्हाऊ नगासा."

त्यांच्या पोरवयातली गोष्ट. वडगावच्या बाजाराला रॉकेलची पिंपं घेऊन येणारी लॉरी ओढ्याच्या उतरणीला कलंडली. रॉकेल तेव्हा बाटलीनं मोजून मिळायचं. बायाबापड्या घागरी, डबे घेऊन धावल्या. आबांच्या चुलत्यांनी मात्र आधी खाली ओढ्याकाठी माणूस पळवला. तिथं लोहारांची पालं होती, भट्टी धगधगत होती. मग मागच्या गाड्यांचे बैल सोडवले, बिड्या विझवायला लावल्या, वाऱ्याच्या उलट अंगाला चढावर सगळ्यांना नेलं.

आज वाठारच्या फाट्यावर उभं राहिलं की पुणे-बंगळूर महामार्गानं टँकरमागून टँकर जातात. त्यांतल्या धोकादायक माल नेणाऱ्यांच्या दोन्ही अंगांना आणि मागं कायद्यानं एक पाटी असते. तिच्यावरचा चार आकडी नंबर वाचायला प्रत्येकानं शिकावं असं मला फार वाटतं. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १८३० म्हणजे गंधकाम्ल, त्यावर पाणी पडलं तर ते उसळून अंगावर येतं. सोबतच्या खुणेत शेवटी इंग्रजी 'E' अक्षर असेल तर माणसं लांब हलवायची तयारी ठेवायची. नंबर लांबूनच वाचायचा, ११२ ला सांगायचा. वाचता येत नसेल तर जवळ जायचं नाही, गाडी कशी पडली तेवढं सांगितलं तरी चालतं.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. तो पाण्यासारखा उतार धरतो, ओढ्यात, गटारात जाऊन बसतो. लांजाजवळ अंजणारीला सप्टेंबर २०२२ मध्ये गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला, तेव्हा मुंबई-गोवा महामार्ग बंद ठेवावा लागला. अडकलेल्यांना राग आला असेल, पण तो बंद योग्यच होता. १३ जून २०२३ ला द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे पुलावर टँकर पेटला. जळता द्रव खालच्या रस्त्यावर पडला. चार जीव गेले. त्यांतले काही तर पुलाखालून चाललेले, टँकरशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते वाचलं तेव्हा मला लोहारांची पालं आठवली.

त्या दिवशी लॉरी पेटली नाही. रॉकेल मात्र ओढ्यात उतरलं. ज्या मराठा सेनापती धनाजी जाधवांची समाधी आमच्या वडगावात आहे, ते मोगलांच्या घोड्यांना पाण्यात दिसायचे आणि घोडी बुजायची म्हणतात. आबा म्हणायचे, त्या उन्हाळ्यात आमचे बैल तसेच बुजायचे. काठापर्यंत यायचे, नाकपुड्या फेंदारायचे आणि मागं सरायचे. वळवाचा पाऊस होऊन ओढा धुऊन निघेपर्यंत पणजीनं विहिरीचं पाणी शेंदून त्यांना पाजलं.